हातशिलाईचा इतिहास

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे एक छोटे नगर आहे. १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी याच नगरात होती. या भागात बर्फ नित्याचा नाही. परंतु जानेवारी-फेब्रुवारीतील एखाद्या रात्री तो पडतो आणि सकाळी ड्यूक ऑफ ग्लॉस्टर नावाचा तेथील राजमार्ग पांढराशुभ्र होऊन जातो. नाताळच्या सुटीतील गर्दी तोवर ओसरलेली असते. अशा निवांत सकाळी त्या मार्गावरून अठराव्या शतकातील वेश धारण केलेले स्त्री-पुरुष चालताना दिसतात. त्यांतील काही तेथील संस्थेचे वेतनिक सेवक असतात. पण काही जण दूरच्या गावांहून पदरमोड करून आलेले असतात. अंगावरील पोशाख त्यांनी भाड्याने आणलेला नसतो. तो त्यांनी घरी बसून, महिनोन्‌महिने खपून, स्वतःच्या हाताने शिवलेला असतो.

हा छंद पाहून कोणी म्हणेल, पोटे भरलेल्या लोकांची ही थेरे आहेत. त्यात काही तथ्यही आहे. पण एखादा समाज आपल्या पूर्वजांकडे कसा पाहतो हे जोखायचे असेल, तर त्याच्या ग्रंथांइतकेच त्याच्या छंदांकडेही पाहावे लागते. अडीचशे वर्षांपूर्वीचा एक परकर बिनचूक शिवता यावा म्हणून जे लोक संग्रहालयातील जुन्या शिवणी भिंगाखाली तपासतात, त्यांच्या या वेडात विचार करण्यासारखे बरेच काही आहे.

प्रारंभीच एका शब्दाचा उलगडा करायला हवा. ‘वसाहतकाल’ म्हटले की भारतीय मनापुढे परकीयांचे राज्य उभे राहते. गोऱ्या अमेरिकन माणसाच्या लेखी मात्र वसाहतकाल म्हणजे आजोबा-पणजोबांचे घर. ज्यांनी वसाहत वसवली, त्यांच्याच नातवंडांनी पुढे इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले. त्यामुळे राजाच्या गव्हर्नराचा प्रासाद आणि राजाविरुद्ध ठराव करणाऱ्यांचे सभागृह ही दोन्ही त्यांना एकाच ममत्वाने जपता येतात. त्याच भूमीवर आधीपासून नांदत असलेल्या पॉव्हॅटन लोकांच्या वंशजांना आणि जहाजांच्या तळघरांत कोंबून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांना हा शब्द असा गोड लागत नाही. एकाच शब्दाची ही तीन रूपे ध्यानात ठेवली, तरच पुढील कथेचा अर्थ लागतो.

राजधानी रिचमंडला हलली आणि विल्यम्सबर्गची रया गेली. सव्वाशे वर्षांनंतर तेथील ब्रुटन पॅरिश चर्चचे धर्मोपदेशक गुडविन यांच्या मनाने घेतले की, हे गाव पुन्हा पूर्वीसारखे उभे करायचे. १९२६ मध्ये त्यांनी तेलसम्राटाचे पुत्र जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना या कामासाठी राजी केले. पैशाचा प्रश्न मिटला, तरी पुराव्याचा उरलाच. गव्हर्नराचा प्रासाद १७८१ मध्ये जळून गेला होता. तो पुन्हा बांधताना थॉमस जेफरसन यांनी काढून ठेवलेला आराखडा कामी आला आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एका ताम्रपटावर कोरलेले त्या इमारतींचे चित्रही सापडले. त्या आधारावर उभारलेला प्रासाद १९३४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. अठराव्या शतकातील ऐंशीहून अधिक मूळ वास्तू तेथे जतन केलेल्या आहेत. बाकीच्या पायाच्या खुणांवरून नव्याने उभारलेल्या आहेत. हे करताना नंतरच्या काळातील शेकडो इमारती पाडल्या गेल्या, हेही खरे. एका काळाचा इतिहास वाचवण्यासाठी दुसऱ्या काळाचा इतिहास पुसावा काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाला पडला नाही.

इमारती झाल्या, तरी त्यांत माणसे हवीत. आणि माणसे म्हटली की कपडे आले. सुरुवातीच्या दशकांत हे कपडे म्हणजे निव्वळ नाटकी वेश होते. फुगीर घागरे, झालरी आणि यंत्रावर मारलेल्या टिपा. पुढे अभ्यास वाढला. इंग्लंडमध्ये जॅनेट आर्नल्ड यांनी जुने पोशाख मापून त्यांच्या बेतणीचे आराखडे १९६४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विल्यम्सबर्गच्याच वस्त्रसंग्रहाच्या अभ्यासक लिंडा बॉमगार्टन यांनी कपड्यांवरून त्या काळातील माणसे कशी ओळखावीत हे दाखवणारा ग्रंथ २००२ मध्ये लिहिला. हे ग्रंथ घरोघरच्या छांदिष्टांनी अक्षरशः कोळून प्यायले. आज त्या नगरातील मार्गारेट हंटर या जुन्या दुकानात शिंपी आणि स्त्रियांचे गाऊन बेतणारे कारागीर गिऱ्हाइकांसमोर बसून सुईदोऱ्याने काम करतात. तेथे उमेदवारी करणाऱ्यास कित्येक वर्षे शिकावे लागते.

या शिवणकामातून जे कळले, ते केवळ ग्रंथ वाचून कळले नसते. त्या काळी कापड महाग होते आणि मजुरी स्वस्त. त्यामुळे रेशमाचा तुकडा वाया जाऊ नये अशी बेतणी असे. गाऊन जुना झाला की उसवून नव्या घाटाचा केला जाई. कागदी नमुने वापरात नव्हते. कापड थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्यांनी टाचून कापले जाई. जवसाच्या सुताचा दोरा मधमाश्यांच्या मेणातून ओढून घेत, म्हणजे तो पिंजत नसे. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई असे मोजकेच टाके. पण कोठे दहा बारीक टाके हवेत आणि कोठे चार मोठे पुरतात, याचा हिशेब पक्का. जेथे ताण पडतो तेथे शिवण बारीक आणि जेथे उद्या उसवायचे आहे तेथे सैल. आपल्याकडील जुन्या आज्यांना हे शास्त्र समजावून सांगावे लागले नसते.

आणि मग येतो बर्फ. घरात आरशासमोर उभे राहिले की कोणताही वेश शोभून दिसतो. त्याची परीक्षा थंडीत होते. सर्वांत आत लिननचा सैल सदरा, त्यावर व्हेल माशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या घालून शिवलेली ताठ चोळी, एकावर एक दोन-तीन परकर, त्यांतील एक कापूस वा लोकर भरून गोधडीसारखा शिवलेला, वर गाऊन आणि सर्वांवर लाल लोकरी कापडाचा बिनबाह्यांचा क्लोक, असा स्त्रीचा हिवाळी वेश असे. या क्लोकच्या कडा दुमडून शिवलेल्या नसतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो आळशीपणा वाटतो. वास्तविक ते लोकरी कापड कुटून इतके घट्ट केलेले असते की, त्याचे सूत सुटतच नाही. मग दुमडून जाडी कशाला वाढवायची? भुरभुरणारा बर्फ त्यावर बसतो, झटकला की पडतो. चिखलातून चालताना बुटांखाली लाकडी तळ आणि लोखंडी कडे असलेली खडावांसारखी पादत्राणे बांधत. कृत्रिम धाग्याचे कापड वापरून कोणी हाच वेश शिवला, तर भट्टीपाशी ठिणगी उडताच ते वितळते आणि अंगास घाम फुटताच गारठा भरतो. बर्फात दोन तास काढले की खोटे कापड कोणते, ते अंगालाच कळते.

या पोशाखांत भारताचाही धागा आहे, आणि तो अलंकारिक अर्थाने नव्हे. कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेले, धुतले तरी रंग न सोडणारे छिटाचे कापड अठराव्या शतकात युरोपला वेड लावीत होते. इंग्लंडच्या विणकरांनी आरडाओरडा केल्यावर तेथील संसदेने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून भारतीय छिटांना इंग्लंडमध्ये बंदी घातली. परंतु ती माल म्हणून बाहेर पाठवण्यास मुभा ठेवली, आणि त्यामुळे ती अमेरिकन वसाहतींत खपली. वसाहतीतील प्रतिष्ठित पुरुष घरी जो सैल अंगरखा घालीत, त्याचे नावच ‘बनियन’. आपल्या वाणी-बनियांवरून पडलेले. छिटाचा गाऊन शिवणारी आजची अमेरिकन स्त्री जुन्या नमुन्याबरहुकूम छापलेले कापड शोधत फिरते. त्या कापडाचा मूळ कारागीर मात्र इतिहासात निनावीच राहिला.

दुसरा दुवा अधिक बोचरा. विल्यम्सबर्गपासून सुमारे वीस किलोमीटरवर यॉर्कटाऊन आहे. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी तेथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सेनेने वॉशिंग्टन आणि फ्रेंच यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. आजारी असल्याचे सांगून स्वारी स्वतः शरणागतीस गेलीच नाही. हाताखालच्या अधिकाऱ्यास पाठवले. आणि हाच पराभूत सेनापती पाच वर्षांत, १७८६ मध्ये, हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास दाखल झाला. टिपूवरील मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा १७९२ पर्यंत याच कॉर्नवॉलिसच्या बरोबरीने लढल्या. पुढे १८०५ मध्ये गाझीपूर येथे तो मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. नोकरीनिमित्त व्हर्जिनियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मुलांना घेऊन यॉर्कटाऊनची रणभूमी पाहायला जातात, तेव्हा त्या मुलांना कथेचा हा उत्तरार्ध कोणी सांगतो काय? अमेरिकेत हरलेले साम्राज्य भारतात नव्याने पाय रोवत होते.

कापडाचे राजकारणही तेथे शिजले. ब्रिटिश संसदेने १७६७ मध्ये आयात मालावर कर लादले. त्याच्या निषेधाचा ठराव केला म्हणून १७६९ च्या मे महिन्यात गव्हर्नराने व्हर्जिनियाची प्रतिनिधिसभा विसर्जित केली. सभासद उठून रॅले टॅव्हर्न या जवळच्या खाणावळीत जमले आणि ब्रिटिश माल न घेण्याचा करार त्यांनी केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधानभवनात गव्हर्नराच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ झाला, तेव्हा सुमारे शंभर स्त्रिया घरच्या सुताचे जाडेभरडे गाऊन घालून आल्या. लंडनच्या रेशमाची सवय असलेल्या त्या श्रीमंत घरच्या स्त्रिया भर हिवाळ्यात गव्हर्नरासमोर खरखरीत कापडात उभ्या राहिल्या. मराठी वाचकास येथे सार्वजनिक काका आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८७७ च्या दिल्ली दरबारास गणेश वासुदेव जोशी हातसुताचे कपडे घालून गेले होते. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. यातील कोणी कोणाचे अनुकरण केले नव्हते. पारतंत्र्याचा काच दोन्हीकडे कापडातूनच जाणवला.

परंतु येथेच थांबले, तर गोष्ट फारच सोपी होईल. ते घरचे सूत कातले कोणी? व्हर्जिनियाच्या अनेक मळ्यांवर कताई-विणाईचे काम गुलाम स्त्री-पुरुषांकडून करून घेतले जाई. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या त्या गाऊनांमागे मालकीची माणसे राबत होती. क्रांतीच्या उंबरठ्यावर विल्यम्सबर्गची लोकसंख्या दोन हजारांच्या आत-बाहेर होती आणि तीत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय, बहुतांशी गुलाम होते. पुनर्निर्मित नगरात मात्र कित्येक वर्षे प्रासाद होता, बागा होत्या, रेशमी गाऊन होते. ही निम्मी वस्ती नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिला तेथे स्थान मिळू लागले.

आता या निम्म्या वस्तीचे कपडे शिवायचे, तर पुरावा कोठून आणायचा? श्रीमंतांचे गाऊन पेटाऱ्यांत जपून ठेवले गेले. गुलामाचा सदरा त्याच्या अंगावरच विरून गेला. येथे अभ्यासकांच्या हाती जे साधन लागले, ते वाचताना अंगावर काटा येतो. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ या विल्यम्सबर्गच्या वृत्तपत्रात पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी मालक जाहिराती देत आणि ओळख पटावी म्हणून अंगावरील एकेका वस्त्राचे वर्णन करीत. जाकिटाचा रंग, बुटाचे बक्कल, कोपरावरील ठिगळ, सारे काही. सदऱ्याचे कापड बहुधा ऑस्नबर्ग, म्हणजे आपल्याकडील मांजरपाटाच्या जातीचे भरड लिनन. ‘निग्रो कॉटन’ नावाचे आणखी एक कापड त्यांत वारंवार येते. नाव कापसाचे, पण वस्तुतः ती हलक्या प्रतीची खरखरीत लोकर, खास गुलामांसाठी आणलेली. जी माणसे स्वातंत्र्याच्या ओढीने निसटली, त्यांच्या कपड्यांची नोंद त्यांना पुन्हा बेड्या घालू पाहणाऱ्या हातांनी करून ठेवली. आज कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री-पुरुष त्याच जाहिरातींवरून आपल्या पणजोबांच्या पणजोबांचे सदरे शिवतात आणि बर्फाच्या दिवशी ते घालून त्याच रस्त्यावर उभे राहतात. त्यांच्या खांद्यावर लाल क्लोक नसतो.

या कामात वाद झाले नाहीत असे नाही. १० ऑक्टोबर १९९४ रोजी विल्यम्सबर्गमध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर करण्यात आला. तो ठरवला होता संस्थेच्याच आफ्रिकन-अमेरिकन विभागाने. विरोधकांनी तेथे येऊन निदर्शने केली; आमच्या पूर्वजांच्या वेदनेचा तमाशा नको, हे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात बळ होते. पण तिकीट काढून आलेल्या सुखवस्तू पर्यटकाला रेशीम दाखवायचे आणि लिलाव झाकायचा, हा तरी कोणता न्याय? सादरीकरण पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांत अश्रू होते.

आजही हा वाद मिटलेला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून, शासकीय संग्रहालये व स्मारके यांत राष्ट्राच्या भूतकाळाला कमीपणा आणणारे लेखन नसावे, असे बजावले. राष्ट्राभिमान असावाच. शत्रूने लिहिलेल्या इतिहासाचा जाच काय असतो, हे भारतीयांना कोणी शिकवायला नको. म्हणूनच एक भेद नीट ओळखला पाहिजे. परक्याने पूर्वजांची निंदा करण्यासाठी लिहिलेले वेगळे, आणि घरच्या माणसाने कागद तपासून, कापड चाचपून काढलेले सत्य वेगळे. दुसऱ्यास पहिल्याच्या रांगेत बसवले, तर उद्या भरजरी वेशांखेरीज दाखवण्याजोगे काही उरणार नाही.

सैनिकांच्या बाबतीत हीच गोष्ट व्हॅली फोर्जला दिसते. पेनसिल्व्हानियातील या छावणीत वॉशिंग्टन यांच्या सुमारे बारा हजार सैनिकांनी १७७७-७८ चा हिवाळा काढला. २३ डिसेंबर १७७७ रोजी त्यांनी काँग्रेसला कळवले की, २,८९८ माणसे केवळ पायांत जोडे आणि अंगावर पुरेसे कपडे नसल्यामुळे कामास निकामी झाली आहेत. छावणीत सुमारे दोन हजार माणसे मरण पावली, ती बहुतेक रोगाने. लोककथेत व्हॅली फोर्ज म्हणजे बर्फाचा कडेलोट. प्रत्यक्षात त्याहून भयंकर हिवाळा दोन वर्षांनी न्यू जर्सीतील मॉरिसटाऊनच्या छावणीवर कोसळला, तेव्हा न्यूयॉर्कचे बंदरही गोठले होते. हे सैनिक साकारणारे हौशी लोक काटेकोर असतात, पण त्यांच्यातील जे खरे जाणकार आहेत, ते नवा कोरा गणवेश घालून तेथे जात नाहीत. ते फाटका, ठिगळ लावलेला, गुडघ्यावर विरलेला कोट मुद्दाम शिवतात. विजयी सेनेच्या दारिद्र्याची त्यांना लाज वाटत नाही.

आपल्याकडे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ड्रेपरीवाल्याकडे रांग लागते आणि मावळ्याच्या अंगावर चकचकीत सॅटिन चढते. डोंगरदऱ्यांतून दौडलेल्या त्या माणसाचे कापड कोणत्या मागावर विणले गेले, पावसात त्याची घोंगडी किती जड होत असे, हे विचारणारे थोडे. भाव खोटा असतो असे नाही. पण भावाला पुराव्याची जोड लागते, आणि ती लावायला वेळ द्यावा लागतो. दुर्ग आपल्याकडे उभे आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांतील बारा जागतिक वारसा यादीतही गेले. त्या दुर्गांवर वावरलेल्या माणसांची वस्त्रे मात्र अद्याप बहुतांशी चित्रपटांच्या वेशभूषाकारांवर सोपवलेली आहेत.

विल्यम्सबर्गही निर्दोष नाही. दारांवर सफरचंदे आणि अननस लावलेली नाताळची प्रसिद्ध तोरणे अठराव्या शतकातील नाहीत. ती १९३० च्या दशकात सुचलेली सजावट आहे, आणि संस्थेचे जाणकारच आता ते मोकळेपणी सांगतात. पैशाची चणचण तिलाही चुकलेली नाही. २०१७ मध्ये काही कामे बाहेरच्यांकडे सोपवून माणसे कमी करावी लागली. तरी काम थांबलेले नाही. १७६० मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी तेथे एक शाळा निघाली होती. अॅन वेजर नावाची बाई त्यांना वाचन शिकवी. मुलींना शिवणही शिकवले जाई. १७७४ मध्ये शाळा बंद पडली, इमारत पुढे हलवली गेली, तिच्यावर नव्या भिंती आणि नवी नावे चढली आणि कोणाच्या ध्यानीमनीही ती राहिली नाही. तिच्या लाकडांच्या कालमापनावरून अभ्यासकांनी अखेर तिची ओळख पटवली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते लाकडी घर अखंड उचलून, गाड्यावर ठेवून, रस्त्याने हळूहळू ऐतिहासिक भागात आणले गेले. ते पाहायला थंडीत लोक दुतर्फा उभे होते. त्या शाळेतील मुलींनी शिवलेले एकही वस्त्र आज कोणाजवळ नाही.